एकदाच म्हटलेलं ‘नको’

इस्फहान
५ खोरदाद १३४६

प्रिय माहलका,

तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते. दाढ आता कशी आहे?

माझी शाळा परवा संपली. म्हणजे शाळा चालूच राहील, माझी मुख्याध्यापकी संपली. निरोपसमारंभात शिक्षणखात्याचे साहेब माझ्याविषयी चांगले अर्धा तास बोलले. माझं नाव सोडलं तर त्यात एक अक्षर खरं नव्हतं. मी म्हणे कधी कुणा मुलीवर आवाज चढवला नाही. हे ऐकून मागच्या रांगेतल्या मुलींना एकदम खोकल्याची उबळ आली, आणि मलाही डोक्यावरची चादर तोंडावर ओढून हसावं लागलं. लोकांना वाटलं, बाई रडताहेत.

त्या गडबडीत मी एक घोळ करून बसले आहे. आमच्या भूगोलाच्या सरवर खानमनी मला चहाला बोलावलं होतं. त्यांच्या खिडकीत एक पिवळा कॅनरी आहे. म्हणजे होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलून गेले, किती गोड गातो. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजरा माझ्या दारात. मी रीतीप्रमाणे तीनदा नको म्हटलं, त्यांनी रीतीप्रमाणे चौथ्यांदा गळ घातली, आणि आता तो पक्षी माझ्याकडे आहे. त्या रोज संध्याकाळी माझी विचारपूस करायला येतात आणि पिंजऱ्याजवळ बसून डोळे पुसतात. मला तो परत द्यायचाय, पण दिला तर त्यांचा अपमान. त्यांना तो परत हवाय, पण मागितला तर त्यांची शोभा. आम्ही दोघी तोंडं पाडून बसतो आणि पाखरू मात्र मजेत गात असतं. आपल्या या तारोफपायी, या रीतीच्या आग्रहापायी आणि रीतीच्या नकारापायी, कुणाचं कधी भलं झालंय का, सांग.

हसण्यावारी नेतेय, पण मनात घोर आहे. शाळेच्या आवारातलं हे घर शाळेचं. मेहेर महिना लागायच्या आत, शाळा उघडण्यापूर्वी, ते नव्या मुख्याध्यापिकेला रिकामं करून द्यायचं. शिराझहून सियामकचं पत्र आलं, आई, आमच्याकडे ये. खाली सूनबाईच्या दोन ओळी आहेत, तुमचं पाऊल आमच्या डोळ्यांवर. फरंगीस हे दूधवाल्यालाही म्हणते. त्यांच्या घरात दोन खोल्या आणि जुळी पोरं. तिला मी खरंच हवी आहे की नुसती रीत आहे, हे मला ओळखता येत नाही. जन्मभर पोरींच्या चेहऱ्यावरून कोण खोटं बोलतंय ते ओळखलं आणि आता घरच्या माणसाच्या दोन ओळी वाचता येईनात. कुणाच्या घरी ओझं होऊन राहायची मला भीती वाटते, माहलका. दुसरं काही नाही.

तुझी,
बद्री

—

लाहिजान
१९ खोरदाद

बद्रीजान, माजी मुख्याध्यापिकाबाई,

अभिनंदन. त्या साहेबांना माझ्याकडे पाठव, तू अध्यापिका विद्यालयात वसतिगृहाच्या बाईंना किती वेळा ओरडून रडवलंस ते मी सांगते.

दाढ तशीच आहे. इथला डॉक्टर म्हणतो काढू, पण त्याचा हात दाढेपेक्षा जास्त हलतो. म्हणून पुढच्या महिन्यात, तीरमध्ये, मी तेहरानला येतेय. तूही यायचं आहेस. शेमिरानच्या चढावरचं ‘नारवन’ आठवतं का? विद्यालयात असताना आपण सूर्यफुलाच्या बिया खात त्याच्या कुंपणाबाहेर उभ्या राहायचो आणि आतल्या कबाबाचा वास फुकट घ्यायचो. या खेपेला आत जायचं. तुझ्या निवृत्तीचं जेवण माझ्याकडून. पांढरी चादर घातलेलं टेबल, बो लावलेला वेटर, सगळं.

पण एक अट आहे. तुझं कॅनरीचं पत्र वाचून मी हसून हसून बेजार झाले आणि मग माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. त्या दिवशी आपण दोघींनी तारोफ करायचा नाही. अजिबात नाही. पोट भरलं म्हणालीस तर तुझ्या पानात मी एक शीतही जास्त टाकणार नाही. हवं म्हणालीस तर हवं, नको म्हणालीस तर नको. पहिला शब्द खरा धरायचा. बिलाला तू हात लावायचा नाहीस आणि मी तुला ‘तुमच्यापुढे हे काहीच नाही’ असं म्हणणार नाही. तुझ्या वडिलांच्या कबरीची शपथ घे, मी माझ्या वडिलांच्या घेते.

हे मी नुसतं मजेनं म्हणत नाही. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. कागदावर नाही विचारणार, तोंडावर विचारीन. आणि तिचं उत्तर मला खरं हवं आहे, रीतीचं नको. म्हणून ही शपथ.

तुझी,
माहलका

—

इस्फहान
२८ खोरदाद

माहलका,

घेतली शपथ. वडील असते तर दोघींना वेड्यात काढलं असतं. इस्फहानच्या माणसाला तारोफ सोडायला सांगणं म्हणजे तुमच्या गिलानच्या माणसाला लसूण सोडायला सांगण्यासारखं आहे, पण जमवते.

काय विचारणार आहेस त्यावर मी विचार करत नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल, आणि शपथ तर आत्ताच घेतली आहे. म्हणून काहीच म्हणत नाही. तीरच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी ‘नारवन’च्या फाटकाशी भेटू.

बद्री

—

इस्फहान
२० तीर

प्रिय माहलका,

सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारच्या बाईंनी मला काकडी दिली, मी नको म्हटलं, त्यांनी पुन्हा दिली, पुन्हा नको, पुन्हा दिली, आणि मी खाल्ली. काय बरं वाटलं म्हणून सांगू. आजारातून उठल्यावर घरचं सूप प्यावं तसं वाटलं.

काय जेवण झालं ते. आठवलं की मी एकटीच हसते आणि मोलकरीण माझ्याकडे बघत राहते. सुरुवातच कशी झाली बघ. दाराशी ‘आधी तू, आधी तू’ करायचं नाही असं ठरलेलं, म्हणून दोघीही एकदम घुसलो आणि चौकटीत अडकलो. तुझी पर्स माझ्या कोपराला, माझा कोपर तुझ्या बरगडीला. आणि तो म्हातारा वेटर, पाठीचा कणा ताठ, बो थोडा वाकडा. त्यानं विचारलं, खानम, काय आणू? तू म्हणालीस, “मला बदकाचं फेसेंजान हवंय, आणि ते मी कुणाला देणार नाही.” त्याचा चेहरा बघितलास? त्यानं आयुष्यात असं वाक्य ऐकलं नसेल.

मग ती भाताची खरपुडी. काय रंग आला होता, केशर आणि लोणी नुसतं चकाकत होतं. शेवटचा तुकडा ताटात राहिला. आता एरवी काय होतं, तो तुकडा गार होऊन कुरकुरीतपणा जाईपर्यंत आपण एकमेकींकडे सरकवत बसतो. तू विचारलंस, “तुला हवाय?” माझ्या तोंडून सवयीनं नको गेलं, आणि तो तुकडा गेला. कडकड आवाज करत गेला. माझा कबाबही तसाच. दुसरा कबाब घेणार का, नको, आणि वेटर ताट घेऊन चालता झाला. खरं सांगू? शेमिरानच्या सगळ्यात चांगल्या रेस्टॉरंटमधून मी अर्धपोटी बाहेर पडले आणि बसअड्ड्यावर भाजलेली कणसं खाल्ली.

आणि तो वेटर गुपचूप माझ्या कानाशी येऊन काय म्हणाला ते तुला तेव्हा सांगितलं नाही. तू हात धुवायला गेली होतीस. म्हणाला, “खानम, मध्ये बोलतो, माफ करा. एका ताटात जेवणाऱ्या माणसांनी असं तुटक बोलू नये. जे काही झालं असेल ते गिळून टाका.” आपलं भांडण झालंय अशी त्याची खात्री होती. ते गुलाबाचं सरबत आपण मागवलंच नव्हतं. त्यानं समेट घडवायला आणलं होतं.

बाकी, तू जे विचारायचं होतं ते विचारलंस आणि मीही लगेच उत्तर दिलं. तू म्हणालीस, बद्री, माझ्याकडे लाहिजानला राहायला ये, कायमची. मी म्हटलं, नको गं, तुला कशाला त्रास. तू म्हणालीस, बरं, आणि चहा मागवलास. किती सुटसुटीत. एरवी एवढ्यासाठी सगळी दुपार गेली असती. तुझी युक्ती खरोखर चांगली आहे.

मी शिराझला जायचं नक्की केलं आहे. सियामक खूश आहे. त्यांच्या अंगणात अंजिराचं झाड आहे, पोरं आता चालायला लागली आहेत. तुझी काळजी करू नकोस, म्हणजे माझी. बघ, काय लिहितेय.

तुझ्या नखांना तो हिरवा रंग कसला होता ते विचारायचं राहून गेलं. मेंदी म्हणावी तर मेंदी अशी नसते.

तुझी,
बद्री

—

लाहिजान
४ मोर्दाद

बद्रीजान,

पत्र मिळालं. शिराझचं ठरलं हे छान झालं. शिराझची हवा चांगली. इथे दमट असतं, तुझ्या गुडघ्यांना मानवलं नसतं. मी उगाच विचारलं. मुलगा असताना माणूस मैत्रिणीकडे कशाला येईल, हे मला आधीच समजायला हवं होतं.

जेवणाचं तू लिहिलंस ते वाचून मीही हसले. तुला खरपुडी हवी होती तर तोंडाला काय झालं होतं? मला तर ती गिळवतही नव्हती, दाढेत कळ येत होती. पण हवी का म्हणून विचारल्यावर तू नको म्हणालीस, आता नियम म्हणजे नियम. तो वेटर माझ्याही कानाशी आला होता बरं का, तू शाल विसरलीस म्हणून मागे फिरलीस तेव्हा. मला म्हणाला, “त्या खानम रडवेल्या दिसतात, तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही घ्या पडतं.” मी तुझ्यापेक्षा आठ महिन्यांनी लहान आहे. तेव्हापासून त्याच्याविषयी माझं मत वाईट झालं आहे.

इथे विशेष काही नाही. चहाच्या मळ्यांत दुसरी तोडणी चालू आहे. दाढ काढली, आता ती जागा बोचते. हल्ली मी वर झोपते, माळ्यावरच्या खोलीत. खालच्या खोलीतला रंगाचा वास अजून गेलेला नाही. आता तिथे कांदे पसरावेत म्हणते.

शिराझला पोचलीस की पत्ता कळव.

माहलका

—

इस्फहान
१३ मोर्दाद

माहलका,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचतेय. परीक्षेचा पेपर तपासतात तसं.

खालची खोली तुझी. तुझ्या आईच्या वेळेपासून तू तिथेच झोपतेस. वरची खोली तुला आवडत नाही, तिथे छप्पर डोक्याला लागतं. मग तू वर का गेलीस? खालची खोली कुणासाठी रंगवलीस? आणि तुझ्या नखांना हिरवा रंग तेहरानमध्ये होता, म्हणजे तू मला विचारायच्या आधीच खोली रंगवून झाली होती. पायऱ्या चढवत नाहीत अशा बाईसाठी खाली खोली रंगवली, हे मला दिसतंय. आधी खोली रंगवून मग रीत म्हणून कुणी विचारत नाही.

तर आता मी विचारते. तू मला ते मनापासून विचारलं होतंस का? आणि तसं असेल तर, अगं बये, एकदाच का विचारलंस? मी एकदा नको म्हटलं. एकदा. या देशात एकदा म्हटलेलं नको कुणी ऐकतं का? तू ‘बरं’ म्हणालीस आणि चहा मागवलास, तेव्हा मला वाटलं, हिच्या मनावरचं ओझं उतरलं. विचारायचं कर्तव्य झालं, नको मिळालं, सुटली. मी सगळा चहा खाली बघत प्यायले. वेटरचं खरंच होतं, मी रडवेली झाले होते.

लवकर लिही.

बद्री

—

लाहिजान
२१ मोर्दाद

बद्री,

तुझ्यासारखी बाई सबंध इराणात दुसरी नसेल. शपथ कुणी घेतली? वडिलांच्या कबरीची घेतली ना? पहिला शब्द खरा धरायचा, हे ठरलं होतं ना? मग मी दुसऱ्यांदा कशी विचारणार? तू ‘नको’ म्हणालीस तेव्हा मी सरबताचा पेला तसाच खाली ठेवला. बरं हा शब्द मी कसा उच्चारला ते माझं मला माहीत. चहा यासाठी मागवला की काहीतरी हातात धरायला हवं होतं.

मनापासून विचारलं का म्हणतेस? ऐक तर. तुझं कॅनरीचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी माझा पलंग वर नेला. रंगारी आजारी पडला म्हणून खिडक्या मी स्वतः रंगवल्या, स्टुलावर चढून, या वयात. न्हाणीघरात तुझ्या गुडघ्यांसाठी भिंतीला धरायला दांडी ठोकून घेतली. सुताराला वाटलं म्हातारी खानम लग्न करतेय. आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना सांगून बसले की माझी मैत्रीण येणार, मोठी मुख्याध्यापिका, सांभाळून राहा. परत आल्यावर त्यांना काय सांगणार? अजून सांगितलं नाही. कुणी विचारलं, तुमच्या इस्फहानी खानम कधी येणार, की मी म्हणते, सामान बांधताहेत. शेजारणीनं तुझ्यासाठी लसणाचं लोणचं घालून ठेवलंय.

मी तुला दया म्हणून बोलावत नाही, बद्री. तुला घर नाही म्हणून नाही. संध्याकाळी मी चहा करते, आणि काहीतरी मजेशीर आठवतं, आणि ते सांगायला घरात कुणी नसतं. मग मी ते लक्षात ठेवते, तुला लिहायला बसते, आणि लिहिताना त्यातली निम्मी मजा गेलेली असते. आईनंतर हे घर मला फार मोठं होतं. हे मी तेहरानमध्येच सांगायला हवं होतं, पण तू इतकी पटकन नको म्हणालीस.

आता मी शपथ मोडते. पाप लागलं तर मला लागू दे. दुसऱ्यांदा विचारते, बद्री, माझ्याकडे राहायला ये. सियामकला काय सांगायचं ते तू बघ, अंजिराच्या झाडाशी मी बरोबरी करू शकत नाही. रीतीप्रमाणे तुला अजून दोनदा नको म्हणावं लागेल, हे मला माहीत आहे. फक्त एकेक नको वेगळ्या पाकिटात घालून पाठवत बसू नकोस. आपलं टपाल कसं आहे ते तुला ठाऊक आहे, मेहेर उजाडेल.

तुझी,
माहलका

—

इस्फहान
३० मोर्दाद

प्रिय माहलका,

आधी एक सांगते, मग रीतीचं बघू.

शिराझला मी जाणार नव्हतेच. तू खोरदादमध्ये लिहिलंस ना, एक गोष्ट तोंडावर विचारायची आहे, ते वाचूनच मला कळलं होतं. मी त्याच दिवशी सियामकला पत्र टाकलं की मी येत नाही, माझी सोय झाली आहे. फरंगीसनं उलट टपाली लिहिलं, आई, असं काय करता, या ना. मी पुन्हा नको म्हटलं. त्यावर तिचं पत्रच आलं नाही. तिचं मला अजिबात वाईट वाटलं नाही, दोघींना हायसं वाटलं असणार. म्हणजे तेहरानला आले तेव्हा मी तुझं ‘ये’ जवळजवळ ट्रंकेत भरून आणलं होतं. आणि तू विचारलंस, आणि माझ्या या जिभेनं, हिला आयुष्यभर जे वळण लावलंय त्याप्रमाणे, नको म्हणून टाकलं. मग तुझ्या त्या ‘बरं’नंतर मला ना शिराझ राहिलं ना लाहिजान. सियामक खूश आहे असं मी तुला लिहिलं, अंजिराच्या झाडाचंही लिहिलं, कारण तुला माझी कीव यावी हे मला सोसलं नसतं. महिनाभर मी रोज दुपारी शहरात भाड्याच्या खोल्या बघत फिरत होते. एकीच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं, ती जवळजवळ घेतलीच होती.

काल सरवर खानम आल्या, तेव्हा मी पिंजरा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, हा तुमचा आहे, तुम्हाला तो हवा आहे, मला माहीत आहे, घेऊन जा. त्या एकदाही नको म्हणाल्या नाहीत. पिंजरा छातीशी धरून चालायला लागल्या, चपलासुद्धा नीट घातल्या नाहीत. मी दारात उभी राहून बघत राहिले. मग आत आले आणि हे पत्र लिहायला घेतलं.

आता रीत. पहिलं नको तेहरानमध्ये होऊन गेलं. दुसरं हे घे, नको गं, माझ्या सामानानं तुझी खोली भरून जाईल. तिसरं, नको, मी घोरते, तुला वर माळ्यावरही झोप लागणार नाही.

झाली तीन.

हो, माहलका. येते. शहरीवर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी, संध्याकाळच्या बसनं. त्या दिवशी टेबलाशी नको म्हणत होते तेव्हासुद्धा मला यायचंच होतं.

तुझी,
बद्री